होडीवरचा उलटा मासा

कलावती टिपणीस यांना नेमकं काय म्हणायचं, हे त्यांच्या शाळेला नऊ वर्षांत ठरवता आलं नाही. पगारपत्रकावर त्या सहायक शिक्षिका होत्या. मुंबईला वर्षभर खेपा घालून त्यांनी शालेय समुपदेशनाचं प्रमाणपत्र आणलं, तेव्हा मुख्याध्यापकांनी त्यांना जिन्याखालची खोली दिली, दोन खुर्च्या दिल्या आणि "आता जरा मुलांना समजवा," असं सांगून ते मोकळे झाले. समजवायचं नसतं, ऐकायचं असतं, हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. मुलांना मात्र बरोबर कळलं होतं. ती त्यांना 'ऐकायच्या बाई' म्हणत.

बाई राहायच्या डोंबिवलीला, शाळा ठाण्याला खाडीच्या अंगाला. निम्मी मुलं चाळींतली, निम्मी कोळीवाड्यातली. खोलीतल्या कपाटाच्या दाराला बाईंनी आतून एक कागद चिकटवला होता. त्यावर तीन नियम होते. मुलाचं नाव वहीत लिहायचं नाही. मुलाने सांगितलेलं त्याला विचारल्याशिवाय खोलीबाहेर न्यायचं नाही. आणि मुलाने काढलेल्या चित्रावर आपलं पेन टेकवायचं नाही. दुरुस्ती नाही, खाडाखोड नाही, कोपऱ्यात तारीखसुद्धा नाही. हा तिसरा नियम बाई सोवळ्यासारखा पाळत. दुसऱ्याचं काय झालं, ते पुढे येईलच.

बाईंना एकच हाव होती. साडी-दागिन्यांची नव्हे, पुस्तकाची. शाळेतल्या मुलांच्या मनाविषयी मराठीत एक धड पुस्तक असावं आणि ते आपण लिहावं, असं त्यांना फार वाटे. स्टाफरूममध्ये त्यांच्या कामाची चेष्टा व्हायची. "टिपणीसबाईंचं बरं आहे, तपासायला वह्या नाहीत," असं कोणी म्हटलं की त्या हसत, पण आतून जळत. पुस्तक आलं की या सगळ्यांची तोंडं बंद होतील, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. माणूस चांगल्या कामाला निघतो तेव्हा असलं काहीतरी खिशात घेऊनच निघतो, त्यात बाईंचं काही वेगळं नव्हतं.

अठ्ठ्याऐंशीच्या जुलैत कल्याणच्या शालेय समुपदेशक संघाचं परिपत्रक आलं. संघ एक पुस्तक काढणार होता, त्यासाठी सभासदांकडून प्रस्ताव मागवले होते. पुस्तकाचं नाव, अनुक्रमणिका आणि दोन नमुना प्रकरणं. तीन प्रती, कारण तीन परीक्षक. प्रतींवर लेखकाचं नाव नको, ते वेगळ्या बंद पाकिटात. परीक्षकांना लेखक कळणार नाही, लेखकाला परीक्षक कळणार नाहीत. ते जाणून घ्यायचा प्रयत्न करणाऱ्याचा प्रस्ताव बाद. मुदत एकतीस ऑगस्ट.

पहिल्या प्रकरणात काय घ्यायचं, याचा बाईंना विचारच करावा लागला नाही. मालूच घ्यायची.

मालू नववीतली, कोळीवाड्यातल्या नाथाची मुलगी. पोर वर्गात तोंडच उघडत नाही म्हणून वर्गशिक्षिकेने जूनमध्ये तिला जिन्याखाली पाठवलं. सात आठवडे ती समोर बसून एकच चित्र काढत राहिली: पाणी, बांधलेली होडी, तिच्या टोकावर एक मासा, होडीत दोन मुलं. आठव्या आठवड्यात तिने चित्रातल्या धाकट्या मुलावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हा मोरू. मी त्याला नेलेला."

मोरू तिचा भाऊ. चार वर्षांपूर्वी बुडाला. आजीला, जनाबाईला, डुलकी लागली आणि पोर पाण्याकडे गेलं, असं सगळा कोळीवाडा मानत होता. त्या दिवसापासून मालूची आई सगुणा सासूशी एक अक्षर बोलली नव्हती; बोलली तर शिव्याच. खरं वेगळंच होतं. दहा वर्षांच्या मालूने मोरूला बांधलेल्या होडीत बसवून तरी-तरी, म्हणजे माणसं पलीकडे पोचवायचा खेळ, खेळायला नेलं होतं. तो वाकला आणि गेला. मालू पळाली ती बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांमागे लपली, आणि एका अर्थी तिथेच राहिली.

"आईला सांगणार मी," ती म्हणाली. "पण आत्ता नाय. भाऊबीजेला."

"भाऊबीजेलाच का गं?"

"त्या दिवशी आई रिकामा पाट मांडते. आणि आजी घराच्या मागं जाऊन बसते, दिवसभर. तेव्हा सांगणार."

दिवस तिने स्वतः निवडला होता. बाईंनी तिच्या हातावर हात ठेवून सांगितलं, तोवर हे या खोलीबाहेर जाणार नाही. सांगताना त्यांना ते अगदी खरं वाटत होतं.

आणि मग परिपत्रकाची मुदत जवळ आली. बाईंनी प्रकरण लिहिलं. मालूची शोभा केली, ठाण्याची खाडी उचलून रत्नागिरीला नेली, भावाची बहीण केली, आजीची काकू केली. इतकं बदललं की नियम पाळल्याचं समाधान त्यांना पुरेपूर मिळालं. मालूला विचारायला हवं होतं, हे त्यांच्या मनात आलं नाही असं नाही. आलं होतं. पण पोर नाही म्हणाली तर? मग 'नाव बदललं की विचारायचं काय राहिलं' असं त्यांनी स्वतःला समजावलं. स्वतःला समजवायला प्रमाणपत्र लागत नाही. प्रकरणाला मालूचं चित्र जोडलं, झेरॉक्स काढून, जसंच्या तसं. चित्राला हात लावायचा नाही ना! एकोणतीस तारखेला कल्याणला जाऊन त्या तिन्ही प्रती स्वतः देऊन आल्या. त्या आठवड्यात त्या स्टाफरूममध्ये जरा ताठ बसत होत्या.

पाच सप्टेंबरला, शिक्षकदिनाच्या गडबडीत, शाळेचा शिपाई दाजी चहा घेऊन खोलीत आला. दाजी कोळीवाड्यातलाच. बाई मूळ चित्र कपाटात ठेवायला काढून बसल्या होत्या. दाजीने कप ठेवला, वाकून बघितलं आणि खूश होऊन म्हणाला,

"अरे वा! नाथाची होडी! झकास काढलीय."

बाईंचा हात कपावरच राहिला. "कशावरून नाथाची?"

"मासा बघा ना बाई. नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकावर, मासा सगळेच रंगवतात, पण तोंड पुढं करून. नाथाच्या आज्याला एकदा समुद्रानं परत धाडला, तवापासून त्यांच्या होडीवर मासा उलटा. तोंड घराकडं. आताच पुनवेला रंगवलाय नवा. खाडीवर कुणालापण विचारा, आंधळापण सांगेल."

दाजी हसत निघून गेला. चित्रापलीकडचं काही त्याला माहीत नव्हतं. बाईंनी चित्र पुन्हा जवळ ओढलं. तो मासा त्यांनी सात आठवडे पाहिला होता. पोरीला मासा नीट काढता येत नाही, तोंड चुकून भलतीकडे गेलं, असं त्यांना वाटलं होतं. आणि नियम म्हणून त्यांनी तो सुधारला नव्हता. त्या माशाखालीच सगळी हकिगत टाइप करून जोडली होती. रत्नागिरी, शोभा, काकू, सगळी सोंगं त्या एका माशापुढे उघडी पडत होती.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून बाई कल्याणला गेल्या. संघाची कचेरी म्हणजे एका छापखान्यावरची खोली. चिटणीस सखाराम ओक तिथे एकटेच पाकिटांवर पत्ते लिहीत बसले होते. साधा, नियमाचा माणूस.

"ओक सर, माझ्या प्रती मला परत द्या."

ओकांनी चष्मा काढला. "अहो, काय झालं काय? अकरा प्रस्ताव आलेत. हे मी बोलायला नको, पण तुमचं प्रकरण वाचून मी रात्रभर... असो. परत कशाला?"

"त्यातली मुलगी ओळखू येते. चित्रावरून."

"मग चित्र काढून टाकू, हाय काय अन् नाय काय! दोन प्रती इथेच आहेत अजून. आत्ता फाडा ते पान, मी बघितलं नाही."

"आणि तिसरी?"

"ती परवाच गेली. हातोहात पाठवली."

"कुठे?"

ओकांनी चष्मा पुसायला घेतला. खाली छापखान्याचं यंत्र धडधडत होतं, टेबलावरची बशी बारीक थरथरत होती. बाईंना एकदम वाटलं, गप्प बसावं. परीक्षक कल्याणचा असेल, बदलापूरचा असेल. त्याला काय कळतंय माशाचं तोंड कुठे ते? दोन पानं फाडावीत आणि घरी जावं. पुस्तक होईल. ओक सर म्हणाले ना, चांगलं आहे म्हणून.

"सर, एवढंच सांगा. तो माणूस ठाण्याचा आहे का? खाडीकडचा?"

"टिपणीसबाई, हे विचारलंत तर मला तुमचा प्रस्ताव बाद करावा लागेल. नियम मीच केलाय. पुन्हा तीन वर्षं तुमचं काही घेता येणार नाही. विचारू नका. मी ऐकलं नाही असं धरतो."

बाईंना मालूचा तो हात आठवला, त्यांच्या हाताखाली पडलेला, गार.

"विचारते," त्या म्हणाल्या. "कोणाकडे गेलीय?"

ओकांनी खण उघडला, एक छापील अर्ज काढला आणि पुढे सरकवला. 'मी माझा प्रस्ताव मागे घेत आहे; तीन वर्षे दुसरा देणार नाही.' बाईंनी सही केली. मग ओकांनी उरलेल्या दोन प्रती दिल्या आणि एका चिठ्ठीवर नाव-पत्ता लिहिला. त्यांनाही वाईट वाटत होतं, हे त्यांच्या मान खाली घालून लिहिण्यावरून दिसत होतं.

पत्ता ठाण्याचाच होता. मार्सेल सर, मिशनच्या शाळेतले समुपदेशक. कोळीवाड्याला लागून असलेल्या ख्रिस्ती पाड्यात घर. बाई तिथे पोचल्या तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. मार्सेल सरांची बायको रीटा ओसरीवर तांदूळ निवडत होती. तिने पाणी दिलं आणि नवऱ्याला हाक मारली.

"सर, संघाकडून आलेलं पाकीट..." बाईंनी ओकांची चिठ्ठी पुढे केली.

मार्सेल सरांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग बायकोला म्हणाले, "रीटा, जरा चहा टाक." ती आत गेल्यावर ते पेटीशी गेले आणि पाकीट घेऊन आले. पाकिटाचं तोंड उघडलेलं होतं.

"तुमचं आहे तर हे."

"वाचलंत?"

"पहिलं पान बघितलं, तेव्हाच कळलं. नाथाची होडी." ते हळू बोलत होते. "मोरूला शोधायला मीपण होडी काढलेली त्या दिवशी. मला सापडलेला तो."

बाई ओसरीच्या कडेला टेकल्या.

"काळजी करू नका. रीटालासुद्धा बोललेलो नाही. पेटीला कुलूप होतं. आपलं तुमचं काम एकच आहे, मला कळतं." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "पोरीला विचारलेलंत ना, लिहायच्या आधी?"

बाईंनी मान हलवली. नाही. मार्सेल सरांनी पाकीट त्यांच्या हातात दिलं. चहा न घेताच बाई उठल्या.

आता तिन्ही प्रती बाईंच्या पिशवीत होत्या. कोळीवाड्यात कोणाला कळलं नव्हतं, कळणारही नव्हतं. विषय मिटवता आला असता. घरी जाऊन त्यांनी प्रती जाळल्याही. पण मार्सेल सर त्याच वाटेने रोज येणार-जाणार, आणि मालूला त्यांच्या डोळ्यांत एखाद्या दिवशी काही दिसलं तर? शिवाय त्या पोरीसमोर बसून उद्यापासून 'बोल' म्हणायला आपल्याला तोंड कुठलं? दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बाईंनी मालूला बोलावलं आणि काही न वगळता सगळं सांगितलं. पुस्तकाच्या हावेसकट.

मालू ऐकत राहिली. मग म्हणाली, "कोणी वाचलं?"

"ओक सरांनी. ते कल्याणचे, त्यांना तुम्ही कोण ते माहीत नाही. आणि मार्सेल सरांनी. ते कोणाला सांगणार नाहीत."

"मार्सेल सर रविवारी आमच्याकडून सुकट नेतात." तिने हात पुढे केला. "माझं चित्र द्या."

बाईंनी दिलं. तिने ते घडी घालून दप्तरात ठेवलं. दाराशी जाऊन वळली.

"तुमी मला विचारलं पण नाय."

दुसऱ्या दिवशी मालू शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशी नाही. बाईंना अन्न गोड लागेना. खाडीकडची खिडकी त्यांनी लावून घेतली, पुन्हा उघडली. दाजीला विचारलं तर तो म्हणाला, नाथाच्या घराचं दार बंद आहे, आतून बायकांच्या रडण्याचा आवाज येत होता, आता तोही येत नाही. बाईंच्या डोक्यात नको नको ते येऊन गेलं. चौथ्या दिवशी, आता आपणच जावं म्हणून त्यांनी चपला पायात घातल्या, तर दारात मासळीची रिकामी पाटी घेतलेली एक बाई उभी. सगुणा.

"तुमीच ऐकायच्या बाई?"

"हो. मालू कशी आहे?"

"हाय. जेवली काल." सगुणा आत आली, पण खुर्चीवर बसली नाही. पाटी खाली ठेवून जमिनीवर बसली. बाईही खाली बसल्या.

"पोरीनं सांगितलं मला. रडत रडत. म्हनाली, आता दुसऱ्या कुनाच्या तोंडून तुला कळंल, त्यापरीस मीच सांगते." सगुणा पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "मी सासूच्या पायावर डोकं ठेवलं. चार वर्सं तिला पानी दिलं नाय मी हातानं. तर म्हातारी काय म्हनते? म्हनते, मला ठावं होतं. पोरीला पळताना बघितलेलं मी."

"जनाबाईंना माहीत होतं?"

"पयल्या दिवसापास्नं. म्हनते, माझं काय, मी आज हाय उद्या नाय. पोरीला आख्खा जन्म काढायचाय."

सही करता न येणाऱ्या म्हातारीने चार वर्षं शिव्या खाऊन जे पोटात ठेवलं, ते आपल्याला तीन महिने ठेवता आलं नाही, हे बाईंना लख्ख कळत होतं. त्यांना रडू आलं. ते त्यांनी लपवलं नाही.

"मी तुमाला भांडायला नाय आले," सगुणा उठत म्हणाली. "पोर बोलती झाली, ते तुमच्यामुळं. पन बाई, ती भाऊबीजेला सांगनार होती. तिनं मनाशी ठरवलेलं. तो दिस तुमी तिच्याकडून घेतलात. येवढंच सांगाया आले."

पाटी डोक्यावर घेऊन ती निघून गेली.

मालू शाळेत परतली, वर्गात हळूहळू बोलायलाही लागली. जिन्याखालच्या खोलीत मात्र ती पुन्हा कधी आली नाही. वाटेत भेटली की 'नमस्ते बाई' म्हणे आणि पुढे जाई. बाईंनी कपाटातला कागद बदलला नाही. फक्त रोज सकाळी कपाट उघडून दुसरा नियम वाचायची सवय लावून घेतली. तीन वर्षं संपली, संघाची परिपत्रकं पुन्हा येऊ लागली. बाई ती वाचून खणात टाकत. स्टाफरूममधली चेष्टा चालूच राहिली. आता त्यांना तिचा राग येत नसे.

शहाण्णव साली, निवृत्तीला दीड वर्ष उरलं असताना, त्यांनी पुन्हा एक प्रस्ताव लिहायला घेतला. या खेपेला पहिलं प्रकरण त्यांच्या स्वतःच्या चुकीवर होतं. लिहून झालं तेव्हा ते टाइपिंगला न देता हातातले कागद घेऊन त्या कोळीवाड्यात गेल्या. मालू आता बावीस वर्षांची होती, तिथल्याच बालवाडीत शिकवत होती. मुलं घरी गेली होती, ती चटया गुंडाळत होती.

"मालू, हे वाच. तू नको म्हणालीस तर इथेच फाडते."

मालूने हात पुसले, चटईवर बसून वाचायला सुरुवात केली. तिला वाचायला बराच वेळ लागला. बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. शेवटच्या पानावर मालू थांबली. एक ओळ तिने दोनदा वाचली.

"बाई, पेन आहे?"

बाईंनी दिलं. ओळ अशी होती: 'त्यानंतर मुलीने स्वतःहून आईला सर्व सांगितले.' मालूने 'स्वतःहून' या शब्दावर सरळ रेघ मारली. मग खाली, संमतीच्या जागी, पूर्ण नाव लिहून सही केली आणि कागद परत दिले.

"आता पाठवा," ती म्हणाली.

टाइपिस्टने खोडलेला शब्द गाळून स्वच्छ पान करून देतो म्हटलं. बाई नको म्हणाल्या. ते एक पान त्यांनी टाइपच करू दिलं नाही. मालूच्या रेघेसकट त्याच्या तीन झेरॉक्स काढल्या, तिन्ही प्रतींना जोडल्या आणि मुदतीच्या दिवशी कल्याणला नेऊन दिल्या.